अर्धा कोयता

अंगणवाडीत त्या दिवशी मुलांची वजनं चालली होती. वाशाला काटा टांगलेला, काट्याला कापडी झोळी, आणि झोळीत एकेक पोर हातपाय झाडत होतं. आंबाफळीच्या बाया पोराला झोळीत टाकून मागे सरत, भिंतीला टेकून गप्पा मारत. एक बाई मात्र सरली नाही. तिने झोळीखाली तळहात धरून ठेवला होता.

"हात काढ बाई," एस्तेरताई म्हणाल्या, "नाहीतर पोराचं वजन तुझ्या हातातच राहील."

बाया हसल्या. ती हसली नाही. "दोरी तुटली तर?"

"आजवर नाही तुटली."

"आजवर मोगराबाईचं पोर नव्हतं टांगलं," मागून कुणीतरी बोललं.

तिने हात काढला, पण झोळीपासून वीतभर खाली तसाच ठेवला. काट्याने सांगितलं ते एस्तेरताईंना आवडलं नाही. तिचा तीन वर्षांचा विनोद दीड वर्षाच्या पोराइतका भरला होता.

एस्तेरताई नाल्यापलीकडच्या ख्रिस्ती फळीतल्या, म्हणजे पाड्यातल्या. नवापूर तालुक्यातल्या या डोंगरांत, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या आंबाफळीत त्या बरीच वर्षं सेविका होत्या आणि मोगराबाईला त्यांनी येता-जाता पाहिलेलंही होतं. पण नीट पाहिली ती त्या दिवशी. त्यानंतर विनोदला रोज अंगणवाडीत गरम भात-वरण आणि अंडं सुरू झालं. मोगराबाई स्वतः घेऊन यायची. अंडं सोलून ती आधी वास घ्यायची, मग हातानेच बारीक करून भरवायची, आणि पोराने शेवटचा घास गिळेपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहायची. तिसऱ्या महिन्यात पोराच्या दंडावर मांस दिसू लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा ती भिंतीला टेकून बसली आणि स्वतःबद्दल बोलली.

तिचं माहेर हद्दीच्या पलीकडे, उकाईच्या अंगाला. लग्न होऊन आली त्याच हिवाळ्यात नवऱ्याबरोबर, आमशाबरोबर, ऊस तोडायला गेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. दोघांची जोडी चांगली जमली होती. आमशा तोडायचा, ती पाला सोलून मोळ्या बांधायची, आणि टोळीत त्यांची गाडी सगळ्यात आधी भरायची. करिश्मा पाचटाच्या खोपीतच रांगायला शिकली. विनोद पोटात असताना एका हंगामात आमशा डिझेल आणायला म्हणून बाजूच्या गावी गेला आणि परत आला नाही. टोळी आली, ट्रक आला, भांडी आली. आमशा आला नाही.

"शोधलं नाही कुणी?"

"दीर मुकादम आहे ना. तो म्हणाला, मी शोधतो."

दीर म्हणजे सुरुपसिंग. आंबाफळीतून माणसं जमवून गुजरातच्या कारखान्याला नेणारा. बोलायला गोड. म्हाताऱ्यांना तंबाखू, पोरांना गोळ्या, बायांना थट्टा, सगळ्यांसाठी त्याच्या खिशात काही ना काही असायचं. त्याच्याबद्दल वाईट बोलणारं फळीत कुणी नव्हतं. एस्तेरताईंना हीच गोष्ट कधी कधी खटकायची.

पावसाळा संपताना तालुक्याच्या बैठकीत एस्तेरताईंना बालसंगोपन योजनेची माहिती मिळाली. बाप मेला असेल किंवा सोडून गेला असेल तर आईला पोरांच्या पालनपोषणासाठी सरकार महिन्याला मदत देतं, पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत. परतताना त्या घरी न जाता थेट मोगराबाईच्या दारात गेल्या. तिने ऐकलं आणि मान हलवली.

"ते झालंय, ताई. नाही मिळालं."

मग सगळं निघालं. दोन वर्षांपूर्वीच सुरुपसिंग तिला तहसीलला घेऊन गेला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, माणूस हरवला म्हटलं तर हेलपाटेच हेलपाटे. मेला म्हटलं की काम सोपं. इतके दिवस खबर नाही म्हणजे मेलाच असणार. मग त्यानेच सगळं घडवून आणलं. पळसाच्या पानांचा माणूस बांधून नाल्याकाठी जाळला, बकरं कापलं, पंचांसकट सगळी फळी आमशाच्या नावाचं जेवली. खर्च दिराचा. मोगराबाईने बांगड्या उतरवल्या. पंचांनी मेला म्हटलं म्हणजे मेला, असंच तिला वाटत होतं. फळीत आजवर तसंच चालत आलं होतं. पण कचेरीतल्या माणसाने मृत्यूचा दाखला मागितला. दवाखाना कुठला, प्रेत कुणी पाहिलं, पोलिसांत नोंद आहे का, असं विचारलं. पानांच्या माणसाचा दाखला कोण देणार?

एस्तेरताई उंबऱ्यावरच बसल्या. "अगं, सोडून गेला म्हटलं असतं तरी चाललं असतं. अजूनही चालेल. गावातल्या पाच मोठ्या माणसांनी सांगायला हवं, की तो निघून गेलाय आणि घर बघत नाही."

"त्या पाचही जणांनी त्याचं जेवण खाल्लंय," मोगराबाई म्हणाली.

बोलता बोलता एस्तेरताईंचं लक्ष दाराच्या खांबाकडे गेलं. तिथे नवा कोरा कोयता टांगलेला होता. मूठ छोटी होती, बाईच्या हातालाही लहान पडावी अशी.

"हा कुणाचा?"

आतून करिश्मा पाण्याची कळशी घेऊन आली, कोयत्याखालून जाताना किंचित वाकली. तेरा वर्षांची, आश्रमशाळेत सातवीत, सुट्टीला आलेली.

दुसऱ्या दिवशी सुरुपसिंग स्वतःच अंगणवाडीच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, आमच्या वहिनीला काय काय शिकवताय?"

"करिश्माला नेणार आहेस का तू?"

"मी कोण नेणारा? वहिनीला कामाला यायचंय. कोयता म्हणजे दोन माणसं. अर्धा कोयता कारखाना घेत नाही. नवरा नाही, भाऊ हद्दीपलीकडे. मग जोडीला कोण?" तो हसला. "आणि पोरीचे हात बघा ना, केवढे लांब झालेत. देवाने मोजूनच दिलेत."

"शाळा आहे तिची."

"शाळा कुठे पळून जाते? पळतात ती माणसं." विनोदच्या हातात त्याने एक गोळी ठेवली आणि निघून गेला. एस्तेरताईंनी ती गोळी पोराच्या मुठीतून काढून घेतली. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

दिवाळीनंतर ट्रक लागणार होते. ट्रक गेला की करिश्मा उसात आणि विनोद पाचटात. ना शाळा, ना अंडं. एस्तेरताईंनी मोगराबाईला तयार केलं आणि दोघी पंचांपुढे गेल्या. मोहाच्या झाडाखाली म्हातारे बसले होते. सुरुपसिंग मागे, मोटारसायकलवर आडवा.

मोगराबाई खाली बघत बोलली. आमशा मेला हे आपण पाहिलेलं नाही. तो गेलाय एवढंच खरं. तेवढं पंचांनी सांगावं, लेकरांसाठी.

थोरल्या पंचाने विडीचा झुरका घेतला. "बाई, त्याच्या नावाचं आम्ही खाल्लंय. आता तो पळाला म्हणून अंगठा कसा लावू? मेलेल्याला जिवंत म्हणून हाक मारली तर तो कुठल्या दारात येऊन उभा राहील, सांगता येतं का?"

"ताईंना विचारा," दुसरा म्हणाला. "त्यांच्या देवळात मेलेला उठतो म्हणतात."

"आमच्यातही उठेल," तिसरा म्हणाला, "पण बकरं परत द्यावं लागेल."

सगळे हसले. मोटारसायकलवरचं हसणं सगळ्यात उशिरा थांबलं. परतताना मोगराबाई त्यांच्या पुढे चालत होती. तिच्या चालण्यात घाई नव्हती, आणि त्याचीच एस्तेरताईंना भीती वाटली. मनाने ती ट्रकमध्ये चढून बसली होती.

दोन दिवसांनी अंगणवाडीत विनोदला घेऊन त्याची आजी आली. फुलीबाई, आमशा आणि सुरुपसिंगची आई. ती कधी येत नसे. पोराला पंगतीत बसवून ती दाराशीच उकिडवी बसली.

"ताई, उठायला आमशा मेला कुठे?"

एस्तेरताईंच्या हातातली पळी थांबली.

"सुरुप त्याला दर हंगामात भेटतो. दुसऱ्या मुकादमाच्या टोळीत आहे, बाई आहे, पोर आहे. सुरुप प्याला की बोलतो. एकदा लुगडं दिलं मला, म्हणाला बाजारातून आणलं. आमशाने पाठवलं होतं ते."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"दोन लेकांच्या मधे आईने तोंड उघडलं की एक लेक जातो." म्हातारीने नातवाकडे बघितलं. "मी करिश्माएवढी होते तेव्हा बापाने मला जोडीला नेलं होतं. एकाच हंगामासाठी म्हणाला होता. मी कधी आले परत?"

पंच पुन्हा बसले. या वेळी फुलीबाई मधोमध येऊन बसली आणि जे अंगणवाडीत सांगितलं तेच सांगितलं, तेवढ्याच हळू आवाजात. कुणी हसलं नाही. सुरुपसिंग मोटारसायकलवरून उतरून जवळ आला.

"आई, म्हातारपणी असं बोलू नये. तूच तर होतीस त्या दिवशी. तूही जेवलीस ना?"

"नाही जेवले."

"काय?"

"पान वाढलं होतं. मी कुत्र्याला घातलं. कुणी बघितलं नाही. जिवंत लेकाचं जेवण आईच्या गळ्याखाली कसं उतरेल?"

पंचांनी एकमेकांकडे बघितलं. आई जेवली नाही म्हणजे मयताला घराची कबुली नाही. कबुली नाही तर जेवण पुरं झालं नाही. आणि पुरं झालं नाही तर आमशा मेलेला नाही. कचेरीला हा हिशेब कळला नसता, पण मोहाखाली तो सगळ्यांना कळला. थोरल्या पंचाने विडी विझवली आणि शाई मागवली. पाच अंगठे उमटले.

सुरुपसिंग रागावला नाही. मोगराबाईच्या घराकडे गेला, खांबावरचा कोयता काढून घेतला, धारेवरून बोट फिरवलं. "वहिनी," तो नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाला, "आता आमशाला सांगावं लागेल, की तो जिवंत आहे म्हणून. बापाची पोरं बापाला द्यावी लागतात आपल्यात. माहीत आहे ना?"

त्या वर्षी ट्रक करिश्माला न घेताच गेला. ती आश्रमशाळेत परतली. चौकशीला आलेल्या बाईंनी घर पाहिलं, विनोदला मांडीवर घेतलं. नंदुरबारला बालकल्याण समितीपुढे मोगराबाई दोन्ही पोरांना घेऊन उभी राहिली, सोबत एस्तेरताई होत्या. तिथल्या मॅडमनी करिश्माला विचारलं, तुला कुठे राहायचंय? "शाळेत," ती म्हणाली, आणि मग आईकडे बघून म्हणाली, "आणि आईकडे." मदत मंजूर झाली. हातात पडायला हिवाळा सरला, तोवर रेशनचा तांदूळ आणि अंगणवाडीचं अंडं यांवर घर तगलं.

पण परसातला वालाचा वेल एका सकाळी मुळासकट उपटलेला मिळाला. कुणाचं ढोर शिरलं असेल, असं शेजारीण म्हणाली. ढोर वेल खातं, उपटून कुंपणावर ठेवत नाही. मग होळीच्या आधी टोळीतला एक जण मधेच परत आला आणि निरोप देऊन गेला: आमशा म्हणतोय, मला मेला म्हणून जाळलं, मग जिवंत केलं, आता माझी पोरं मी न्यायला येतो.

"येऊ दे," एस्तेरताई म्हणाल्या. "समितीने पोरं तुझ्याकडे ठेवलीत. कागद आहे तुझ्याकडे."

"कागद नंदुरबारला चालतो, ताई," मोगराबाई म्हणाली. "इथे मोहाखाली चालत नाही."

होळी झाली. कुणी आलं नाही. पण सुरुपसिंग हंगामाहून परतला तेव्हा सगळ्यांना राम राम करत गेला आणि मोगराबाईच्या दारापुढे मात्र मोटारसायकल बंद करून नुसता उभा राहिला. पुढच्या आठवड्यात विनोद अंगणवाडीत आला नाही म्हणून एस्तेरताई अंडं घेऊन तिच्याकडे गेल्या, तर दाराला कुलूप होतं. अंगणातली चूल विझलेली, कोंबड्या नेलेल्या. फुलीबाईही फळीत नव्हती. एस्तेरताईंनी ते अंडं दुसऱ्या पोराला दिलं, पण त्यांचं कशात लक्ष लागेना. दुपारी फोन आला, अनोळखी नंबरवरून. "ताई, विनोदचं नाव इकडच्या अंगणवाडीत कसं घालायचं?" एवढंच विचारलं मोगराबाईने. गाव कुठलं ते एस्तेरताईंनी विचारलं, लिहून घेतलं, आणि कुणाला सांगितलं नाही.

मोगराबाई सध्या हायवेलगतच्या एका पोल्ट्रीत अंडी गोळा करण्याच्या कामाला आहे, शेडमागच्या खोलीत सासू आणि विनोदबरोबर राहते. करिश्मा आश्रमशाळेत आठवीत आहे.