ब्राह्मीचा पेला मी डॉक्टरांना सांगितला नाही

ये बाय, बस अशी जवळ. डॉक्टरांपुढे अर्धंच सांगून आलीस ना परत? शहाणी कुठली! मीही तेच केलं होतं, म्हणून ऐक.

"आजी, तुम्हाला कावीळ झालीय," रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा सून माधवी माझा हात धरून बसली होती. मुलगा बोटीवर. आठ दिवस अन्नावरची वासना गेली होती, लघवी गडद होत होती, मी म्हटलं उन्हाने असेल.

रक्त घेतलं. एसजीपीटी म्हणून तपासणी असते. यकृताला इजा झाली की तो आकडा चढतो. माझा भलताच चढलेला. बाईंनी विचारलं, "घरचं काही घेता का? काढा, चूर्ण?"

"छे हो," मी म्हटलं.

खोटं नव्हतं तसं. आणि होतंही. आमच्या आगरात पाटाच्या कडेला, ओल असते तिथे ब्राह्मी पसरते. गोल पानं, जमिनीला धरून. ओलं खोबरं, मिरची, आमसूल घालून तिची चटणी करायची, नाहीतर वाटून ताकात कालवायची आणि वर जिऱ्याची फोडणी. खोबरेलात कढवून डोक्याला लावायची. लहानपणापासून खाल्लेली वस्तू, तिला औषध कोण म्हणणार?

पण मी चटणीवर थांबले नव्हते. चार महिने रोज सकाळी, माधवी उठायच्या आधी, पेलाभर रस काढून पीत होते. का, तर माझी थोरली बहीण, आक्का. शेवटी शेवटी ती मला अहो-जाहो करायची, "तुम्ही कुणाकडच्या?" म्हणून विचारायची. आणि एक दिवस बाजारातून परतताना रिक्षावाल्याला मला आमच्या आळीचं नाव सांगता येईना. त्या दिवसापासून पेला सुरू. रसाचं सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं.

दवाखान्यात ठेवून घेतलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले नाहीत. संसर्गाची कावीळही निघाली नाही. मी आपली पंख्याकडे बघत पडलेली. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "कारण सापडलं नाही तर बायोप्सीसाठी कोल्हापूरला पाठवावं लागेल." बायोप्सी म्हणजे सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तपासतात.

दुपारी माधवी डबा घेऊन आली. "आई, तोंडाला चव नाही म्हणता ना? बघा काय आणलंय. चिखलात उतरून वेचलीय, हसू नका."

डब्यात ब्राह्मीची चटणी.

मी डबा दूर सारला आणि रडायलाच लागले. सगळं सांगितलं. आक्काचं, रिक्षाचंही.

"चार महिने?" ती म्हणाली. "आणि सकाळी मिक्सर धुतलेला दिसायचा, तर मी त्या कामवालीचं कौतुक करत होते!" डोळे पुसत हसली आणि तशीच डॉक्टरांकडे धावली.

बाई येऊन खाटेवरच बसल्या. "आजी, पानं वाईट नाहीत. पण रोज पेलाभर, महिनोन्महिने, म्हणजे ते औषधच झालं. क्वचित एखाद्याच्या यकृताला सोसत नाही. त्यानेच झालं असं छातीठोक सांगत नाही, पण आजपासून बंद. आकडे उतरतात का बघू."

उतरले. हळूहळू, डोळ्यांचा पिवळेपणा जायला दीड महिना लागला. बायोप्सी टळली. चटणी घरात होते, माझ्या पानात वाढत नाहीत.

आठवणीचंही तपासलं. कागदावर घड्याळ काढायला लावलं, तीन शब्द सांगून मागाहून विचारले. दोन आठवले. "सध्या घाबरण्यासारखं नाही, पण सहा महिन्यांनी परत बघू," बाई म्हणाल्या. म्हणजे काय, ते मलाही कळलं गो. पण आता ते भय मी एकटी उराशी धरून बसत नाही. कुठे अडले तर माधवी हळूच सांगते, लोकांना कळूही देत नाही.

तू उद्या जा आणि सगळं सांग, स्वयंपाकघरातलंसुद्धा. आणि मग माझ्याकडे ये. लवकर ये हो, मी तुला नावाने हाक मारते आहे तोवर.