वैशालीचा महागडा मीटर

वैशालीच्या भावाचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला भाजी घेत होते. "ताई, वैशू गेली," एवढंच तो म्हणाला. आदल्या दिवशी अंधेरीला आमच्या प्रयोगशाळेत नेहमीसारखी येरझाऱ्या घालत होती ती... हृदयाने काही सूचनाच दिली नाही. महिना उलटला, तरी माझं मन थाऱ्यावर नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही.

कॉलेजची मैत्रीण, पुढे धंद्यातली भागीदार. कारखान्यांची मोजमापाची यंत्रं बरोबर चालतात का, हे तपासून प्रमाणपत्र द्यायचं, हे आमचं काम. त्यासाठी आपलं यंत्र त्यांच्याहून अचूक हवं, म्हणून तिने परदेशातून मीटर मागवला. किंमत ऐकून मी हबकलेच. "एवढ्यात बोरिवलीत घर बुक होईल गं. त्या डब्यात आहे तरी काय?"

"वेळ आहे," ती म्हणाली. "आतले भाग महिनोन्‌महिने नुसते चालू ठेवतात. ज्यांचा आकडा जरा हलतो ते फेकून देतात. त्या फेकलेल्यांचेही पैसे आपणच भरतो. बाजारातला मीटरही आकडा दाखवतो ना... पण तो किती चुकतोय, हे कोण सांगणार?"

घाटकोपरचे एक कारखानदार आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या ते बनवत. पेटीचं तापमान तपासणारा त्यांचा स्वस्तातला मीटर सुरुवातीला ठीक चालायचा, स्वतः तापला की चुकायला लागायचा. वैशालीने प्रमाणपत्र नाकारलं.

"मॅडम, थोडासाच फरक आहे."

"बाळही थोडंसंच असतं," ती म्हणाली.

ते निघून गेले, त्यांच्याबरोबर कामही गेलं. त्या वर्षी आमची पार वाट लागली. मी तिच्याशी कडाकडा भांडले. तिने सगळं ऐकून घेतलं, निर्णय मात्र बदलला नाही.

शोकसभेला ते कारखानदार आले. मागे उभे राहिले, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार राग आला होता मला. पण विकलेल्या पेट्या परत मागवल्या, सगळ्या. मॅडमना सांगायचं राहूनच गेलं..."

मीटर दरवर्षी तपासणीसाठी परदेशी पाठवावा लागतो, तो खर्च वेगळा. वैशालीचा भाऊ म्हणाला, "ताई, विकून टाका आता." गेल्या आठवड्यात मी तो पाठवला, तपासायला. प्रयोगशाळेतलं त्याचं टेबल रिकामं आहे, खोलीत काही काम नाही. तरी निघताना एसी बंद करायला गेलेला हात मी मागे घेतला. ही खोली तिने कधी गरम होऊ दिली नव्हती.