वहिनींनी गॅलरी पाडली

आमच्या शशिकलावहिनी परवानगीशिवाय काही करत नाहीत, आणि परवानगी मिळाली की मग कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

अयोध्या नगरातल्या माझ्या घरासमोर मी गाडीसाठी पत्र्याची शेड टाकली, तेव्हाची गोष्ट. सत्यनारायणाला सगळे जमलेले. माझे कारखान्यातले दोन जुने साहेबही आलेले. अशा भर सभेत वहिनींनी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन विचारलं, "भावजी, याची मंजुरी घेतलीत ना?" मी म्हटलं, "वहिनी, प्रसाद घ्या, गार होतोय." ती शेड अजून उभी आहे, कोणी काही बोललेलं नाही आणि माझी गाडी उन्हात तापत नाही. वहिनी मात्र येतात त्या शेडखालून न येता बाजूने वळसा घालून येतात. आता बोला!

मी दत्तू, त्यांचा धाकटा दीर. आमचे वडील छप्पन साली नागपूरच्या कचेरीबरोबर, तिथल्या फायलींसकट, भोपाळला आले आणि इथलेच झाले. कोटरा सुल्तानाबादला प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं. थोरला श्रीकांतदादा वनखात्यात हिशेबाला लागला, मी कारखान्यात. दादाची बायको म्हणून अमरावतीहून आलेल्या वहिनी इथे मंत्रालयात कारकून म्हणून चिकटल्या आणि अनुभाग अधिकारी होऊन निवृत्त झाल्या. फायलीला त्या अजून नस्ती म्हणतात. नस्तीत महत्त्वाच्या पानाला रंगीत कागदाची चिठ्ठी डकवायची, तिला इकडे पताका म्हणतात. वहिनींच्या घरी गॅसच्या कार्डाला, फ्रिजच्या वॉरंटीला, एवढंच काय, देवाच्या पोथीलाही पताका आहेत. त्यांचा एक नियम होता: टीप लिहायची ती पूर्ण लिहायची. आपल्याविरुद्ध जाणारी बाब असेल तर ती आधी लिहायची. "साहेबाला ती दुसऱ्याकडून कळली, तर बाकीची खरी पानंही खोटी होतात," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आम्ही दोघे भाऊ त्यावरून त्यांची थट्टा करायचो. दादा हसायचा, पण त्यांची प्रत्येक टीप आधी त्याच्या हाताखालून जायची. नोकरीतही आणि नंतरही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर दादाला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. इस्पितळातून आणला तेव्हा आम्ही चौघांनी त्याला खुर्चीत बसवून वरच्या मजल्यावर चढवला, कारण झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वर. खाली फक्त हॉल आणि स्वयंपाकघर. संडास मागच्या अंगणात, तोही जुन्या तऱ्हेचा आणि दोन पायऱ्या चढून. हॉलमध्ये पडदा लावून कमोडची खुर्ची ठेवू म्हटलं, तर दादाने मान हलवली ती हलवलीच. पडद्याआड बसणार नाही म्हणाला. त्या दिवसापासून तो खाली उतरला नाही.

वर एक गॅलरी होती, रस्त्यावर पुढे काढलेली. दादा सकाळपासून तिथे बसायचा. भाजीवाला खालून "भाईसाब, नमस्ते!" करायचा, शेजारपाजारचे मान वर करून चौकशी करायचे. मला वाटायचं, चला, माणसाचं मन तरी रमलंय. डॉक्टर मात्र प्रत्येक वेळी तेच सांगायचे. याला खाली आणा, रोज बाहेर चालवा, नाहीतर जो पाय थोडाफार हलतोय तोही जाईल. एकदा गेला की परत येणार नाही.

वहिनींनी ठरवलं, मागच्या अंगणात एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर बांधायचं. मी लगेच आमच्या रईसमिस्त्रीला घेऊन गेलो. माझी शेड त्यानेच टाकलेली. त्याने अंगण पावलांनी मोजलं आणि म्हणाला, "भाभीजी, सोमवार से काम लगा दूँ?"

"परमिशन आल्यावर."

"अरे, पूरी गली ने बना रक्खा है! किसने परमीसन ली?"

"गली का मुझे नहीं मालूम," वहिनी म्हणाल्या. "मेरे घर में लगेगी."

रईस माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे बघितलं.

वहिनींनी शाहपुऱ्यातली प्राजक्ता नावाची आर्किटेक्ट गाठली. आमच्याच ओळखीतली, हुशार पोरगी. घराची रजिस्ट्री, मालमत्ता कराची पावती, वडिलांच्या काळातला मंजूर नकाशा, सगळं तिच्या पुढ्यात पताका लावून ठेवलेलं. ती खूश. "काकू, इतकं साफ काम कोणीच देत नाही. मागे जागा भरपूर आहे, एकदम नियमात बसतंय. आरामात होऊन जाईल."

एकच भानगड होती. वडिलांनी ती गॅलरी मागाहून काढलेली. मंजूर नकाशात ती नव्हतीच. समोर जेवढी जागा मोकळी सोडायला हवी, तिच्यावर ती तरंगत होती. प्राजक्ता म्हणाली, आपलं काम मागे आहे, पुढचा विषय आपण कशाला काढायचा? ही तर शहाणपणाची गोष्ट झाली. हॉलमध्ये बसून आम्ही तिघांनी चहा घेतला. वहिनींनी कपबशा उचलल्या. मी घरी आलो आणि निवांत झोपलो.

दोन दिवसांनी प्राजक्ताचा फोन. "काका, काकूंनी सही करून कागद दिले, पण त्यात एक ओळ टाकलीये. वरची गॅलरी मंजूर नकाशाबाहेर आहे म्हणून. मी विचारलं, तर म्हणाल्या, जसंच्या तसं जाऊ दे. मी काय करू?"

मी स्कूटर काढली आणि थेट कोटरा गाठलं. चपलाही न काढता हॉलमध्ये उभा राहून वहिनींना म्हटलं, "हात दाखवून अवलक्षण! कोणी विचारलं होतं का? कोणी तक्रार केली होती का?"

"हळू बोला, भावजी."

"का हळू बोलू? माझा भाऊ वर अडकलाय आणि तुम्हाला तुमच्या टिपेची पडलीये! सरळ बोटाने तूप निघत नाही वहिनी, हे मंत्रालयात पस्तीस वर्षं काढून तुम्हाला कळलं नाही?"

"लिहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "लिहिलं गेलं." आणि चहा टाकायला आत गेल्या. मी चहा न घेता परत आलो. रागात चहा सोडणं मला जड जातं, तरी सोडला.

व्हायचं तेच झालं. नियमाप्रमाणे पाहणीला निगमाचा, म्हणजे इथल्या महापालिकेचा, उपयंत्री आला, त्याने वर बघितलं, कागद बघितला, आणि निगमाकडून उत्तर आलं. मागचं बांधकाम नियमात आहे, पण पुढची गॅलरी दंड भरूनही नियमित होणारी नाही. ती काढा, मग पुढचं बघू. त्या माणसाची काय चूक? आपणच त्याच्या हातात दिलेलं.

मी म्हटलं, अर्ज मागे घ्या. रईस सोमवारी काम लावतो. गॅलरीही राहील, खोलीही होईल, आणि गल्लीत आपण काही जगावेगळे ठरणार नाही.

"अर्ज मागे घ्यायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "गॅलरी पाडायची."

"आणि मंजुरी नाही आली तर? खाली खोली नाही, वर गॅलरी नाही. दादाने काय करायचं?"

"येईल. आक्षेप एकच आहे. तो काढला की त्यांना नाही म्हणायला जागाच राहत नाही."

हे त्या अशा थाटात म्हणाल्या, जणू मंजुरी त्यांच्या कपाटात आहे आणि फक्त किल्ली शोधायची आहे. रईस घण घेऊन आला तेव्हा त्याचाही जीव होईना. "भाभीजी, लोग बनवाने को बुलाते हैं, आप तुड़वाने को बुला रही हैं." वहिनींनी त्याला पोहे दिले आणि कुठून सुरुवात करायची ते दाखवलं. संध्याकाळपर्यंत वडिलांची गॅलरी खाली मातीत पडलेली होती. तिच्या दाराच्या जागी विटा लागल्या. मी म्हटलं, निदान एक खिडकी तरी सोडा, दादाला उजेड तरी दिसेल. वहिनी म्हणाल्या, "खिडकी नव्या नकाशात आहे. नकाशा मंजूर झाला की बसेल." अशा बाईशी भांडून माणसाने काय मिळवायचं!

पुढचे आठवडे वाईट गेले. दादा त्या बंद खोलीत बसायचा. मी गेलो की एखादा शब्द बोलायचा, नाहीतर विटांकडे बघत राहायचा. एकदा भाजीवाल्याने मला कोपऱ्यावर गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "बड़े भाईसाब... कब हुआ? हमें तो पता ही नहीं चला."

"ज़िंदा हैं!" मी एवढ्या जोराने ओरडलो की त्याची हातगाडी हलली.

तिथून मी तडक वहिनींकडे गेलो आणि जे मनात होतं ते बोललो. लोक माझ्या भावाला मेलेला समजायला लागलेत, म्हटलं. हा शुद्ध मूर्खपणा आहे. तुमच्या खरेपणासाठी तुम्ही नवरा कोंडून घातलात. वाईट बोललो. वहिनी उभ्या राहून ऐकत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "हे आता वरच्या पॅसेजमध्ये वॉकर धरून चालतात. आज तीन खेपा झाल्या." मी म्हटलं, कोंडलेलं जनावरही येरझाऱ्या घालतं. त्या जिना चढून वर गेल्या.

आठवड्यातून एकदा त्या निगमाच्या कचेरीत जायच्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत पताका लावलेली नस्ती. एकदा मी बरोबर गेलो. मला वाटलं, बाई आता हात जोडेल, नवऱ्याचं आजारपण सांगेल. छे! तिथल्या बाबूसमोर ताठ उभं राहून म्हणाल्या, "मैं जल्दी कराने नहीं आई हूँ. नस्ती किस मेज पर है, बस इतना बता दीजिए." त्याने सांगितलं. वहिनी त्या टेबलाकडे गेल्या. तिथल्या साहेबाने गॅलरी पाडल्याचे फोटो मागितले. वहिनींनी पिशवीत हात घातला. त्याने शेजाऱ्यांकडून काही हरकत आहे का विचारलं. वहिनींनी पुन्हा पिशवीत हात घातला. तिसऱ्या प्रश्नाला साहेबच म्हणाला, "मैडम, आप बैठिए तो." त्या परक्या कचेरीत वहिनी माहेरी आल्यासारख्या दिसत होत्या. खरं सांगतो, माझा राग तसाच होता, पण मला त्यांचा अभिमानही वाटला.

मंजुरी आली ती होळीच्या आधी. त्याच दिवशी वहिनींनी रईसला बोलावलं, आणि मग आपला हात कोणी धरू शकत नाही अशा तोऱ्यात घर बांधून घेतलं. शेजारचे मलबा पडतो म्हणून कुरकुरले, तर त्यांना मंजुरीची प्रत दाखवली. रईसने न्हाणीघराचा उंबरा थोडा उंच घेतला, तर तोडून परत करायला लावला. दादाच्या पायाला उंबरा नको होता. वरच्या भिंतीला खिडकीही बसली, अगदी नकाशात होती तिथेच.

दादाला खाली आणायच्या दिवशी मी तीन धट्टेकट्टे गडी घेऊन गेलो. दादा म्हणाला, "नको." जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला आणि एकेक पायरी बसत बसत उतरायला लागला. वहिनी त्याच्या एक पायरी खाली, तोंड त्याच्याकडे. त्यांनी त्याला हात लावला नाही, फक्त हात तयार ठेवले. शेवटच्या पायरीवर तो वॉकर धरून उठला, हॉल ओलांडून दाराबाहेर गेला आणि फाटकाजवळच्या खुर्चीत बसला. डावा पाय ओढत होता, तोंड एका बाजूला झुकलेलं, अंगाला घाम. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. दादाने त्यांच्याकडे बघितलं आणि उजवा हात वर केला.

मी खिशातला रुमाल त्याच्या हातात दिला. पण मी पडलो मी, गप्प बसवेना. म्हटलं, "दादा, वहिनींनी ती एक ओळ लिहिली नसती, तर थंडीतच इथे ऊन खात बसला असतास."

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याचं बोलणं अजून जड आहे, शब्द सावकाश येतात. "ती ओळ माझी," तो म्हणाला.

"काय?"

"शशीने गाळली होती. कागद माझ्याकडे वाचायला आला. मी म्हटलं, घाल." जरा थांबला, श्वास घेतला. "वर बरं होतं रे. खालून अर्धाच दिसायचो, हा पाय कोणाला दिसत नव्हता. गॅलरी असती, तर खाली खोली झाली काय नि नाही काय, मी उतरलो नसतो. मला माहीत होतं."

मी वहिनींकडे बघितलं. त्या फाटकाची कडी लावत होत्या. ज्या बाईने आयुष्यात एक बाब लपवली नाही, तिने ती नवऱ्याच्या गॅलरीसाठी लपवली होती. आणि त्या ओळीचे सगळे जोडे माझ्याकडून मुकाट खाल्ले होते.

"वहिनी," मी म्हटलं, "एवढं बोललो मी तुम्हाला. एकदा तरी सांगायचं, की हे दादाचं काम आहे."

"सांगून?" त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज केवढा! खाली बोललात की वर यांना शब्दन् शब्द ऐकू जायचा. तुम्ही मला मूर्ख म्हणालात, ते चाललं. यांना म्हणाला असतात, तर यांनी 'राहू दे' म्हटलं असतं. यांचं मन तेव्हा कसंबसं धरलेलं होतं, भावजी. मग मंजुरी येऊन काय करायची होती?"