गंगाधररावांचा ओके

गंगाधरराव टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नाही. होटगी रोडवरच्या त्यांच्या कॉलनीत आता एकाही घरात तारेचा फोन उरला नव्हता. तरी कुणाचा मोबाइल रुसला, कुणाचा आवाज तुटायला लागला की माणसं आधी गंगाधररावांकडे यायची. ते फोन हातात घेत, उलटसुलट करून बघत, स्वतःच्या फोनवरून त्याला रिंग देत, कानाला लावून "हॅलो, टेस्टिंग" म्हणत आणि मग मान हलवून सांगत, "ओके."

हा ओके खात्यातला. तुटलेली तार जोडली की लाइनमन खांबावरूनच एक्स्चेंजला फोन लावायचा आणि लाइन ओके असल्याचं सांगायचा. तो ओके गेला की तक्रार मिटली. तीस-पस्तीस वर्षं हेच केलेल्या माणसाला त्या शब्दाची चटक लागली तर त्यात नवल नाही. खरं सांगायचं तर मोबाइलच्या पोटातलं त्यांना तुमच्याआमच्याइतकंच कळत होतं. बहुतेक फोन बंद करून पुन्हा चालू केले की आपोआप सुधारतात, आणि त्याचं श्रेय गंगाधररावांच्या खात्यावर जमा व्हायचं. बायको शकुंतलाबाई मात्र हसायच्या. म्हणायच्या, "तुमचा ओके म्हणजे देवळातला अंगारा. लागला तर देवाची कृपा, नाही लागला तर भक्ताचं नशीब." गंगाधरराव त्यावर नुसते हुं म्हणायचे, पण आतून खूश असायचे.

समोरच्या घरात सोनाबाई राहायच्या. माहेर करकंबचं. त्यांचे मालक मानसिंग खात्यात गंगाधररावांचेच जोडीदार. एक खांबावर, एक खाली, असा दोघांचा संसार. मानसिंग गेल्यावर सोनाबाई एकट्या पडल्या. एकुलती लेक अपेक्षा लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि पुढं तिला दिवस गेले. बाळंतपणाला आईनं यावं असा तिचा हट्ट. सोनाबाईंनी पासपोर्ट काढला, व्हिसा झाला, शेंगाची चटणी कुटून झाली. अडलं होतं ते एवढंच, की आपला फोन तिकडं चालेल का.

ही शंका अपेक्षाची. तिनं आईला सविस्तर निरोप पाठवला होता. इथल्या फोन कंपन्यांच्या लहरी वेगळ्या असतात, प्रत्येक कंपनीचे ठरावीक बँड असतात, ते फोनमध्ये असले तरच रेंज येते. खाली बँडचे आकडे दिले होते आणि म्हटलं होतं, फोनच्या खोक्यावरच्या आकड्यांशी ते कुणा जाणत्याकडून ताडून घे. जाणता म्हटल्यावर सोनाबाईंना दुसरं कोण सुचणार! संध्याकाळी त्या फोन आणि खोकं पदराखाली घेऊन कट्ट्यावर आल्या. गंगाधररावांशेजारी सयाजी बसला होता, टेंभुर्णीला ट्रकचा धंदा मुलांवर सोपवून आलेला, जगाची फिरकी घेणारा माणूस.

"भावजी, हे जरा बगा की. अपीनं कायतरी आकडं धाडल्यात."

गंगाधररावांनी चष्मा लावला. अपेक्षाच्या निरोपात दोन, चार, बारा, सहासष्ट असले आकडे. खोक्याच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत आठशे, नऊशे, अठराशे, तेवीसशे असले. ह्या आकड्यांचा त्या आकड्यांशी कसलाच सोयरसंबंध लागेना. त्यांनी खोकं उजेडाकडं धरलं, मग लांब धरलं. रेडिओवर जसं एकेका स्टेशनचं ठिकाण ठरलेलं असतं तसंच काहीतरी असणार, इथवर त्यांची गाडी पोचली आणि रुतली. मला ह्यातलं कळत नाही, हे वाक्य अगदी ओठापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात सयाजी म्हणाला, "काय गंगाधरराव, अमेरिकेचा बी ओके देताय काय आता?"

झालं. ओठावरचं वाक्य माघारी गेलं. गंगाधररावांनी आपला फोन काढला, सोनाबाईंच्या नंबरवर रिंग दिली, फोन खणखणीत वाजला. त्यांनी तो कानाला लावला, हॅलो म्हटलं, आणि खोकं मिटवून परत दिलं.

"ओके."

"तितं बी चालंल न्हवं?" सोनाबाईंनी विचारलं.

"फोन तो फोन, वहिनी. हितं चालतो तर तितं न चालायला काय झालं?"

सोनाबाईंचा चेहरा उजळला. "आमचं हे म्हनायचं, गंगाधर ओके म्हनला की डोळं झाकून तार वडायची." असं म्हणून त्या गेल्या आणि लेकीला कळवून टाकलं, भावजींनी तपासलंय.

त्या अमेरिकेला गेल्या आणि चारएक महिन्यांनी परत आल्या. नात झाली होती, गोरीपान, आजीच्या नाकाची. पेढे आले, फोटो आले आणि त्याबरोबर विमानतळावरची हकिगतही आली. ती सोनाबाई स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायच्या. जावई न्यायला येत होता, वाटेत अपघातामुळं रस्ता बंद झाला, त्याला उशीर झाला. सोनाबाई गर्दीबरोबर भलत्याच दारानं बाहेर आल्या आणि एका बाकावर बसून राहिल्या. फोन काढला तर रेंजच्या जागी फुली. कितीदा लावला, लागला नाही. जावई दुसऱ्या दारात शोधतोय, ह्या इथं वाट बघताहेत. अर्धा दिवस तसाच गेला. शेवटी शेजारून एका बाईचं तेलुगू कानावर पडलं. लग्नानंतर सोनाबाईंची सुरुवातीची वर्षं साखर पेठेत गेलेली, आजूबाजूला सगळी विणकरांची घरं, त्यामुळं तेलुगू मोडकंतोडकं येत होतं. त्या बाईला हात जोडून त्यांनी जावयाचा नंबर दाखवला, तिनं फोन लावून दिला.

"जावईबापू म्हनलं, आई, विमानात फोन बंद करताना जे बटन दाबलं ते उतरल्यावर तुमी परत काडलंच नसनार. मी कसलं काडतेय! येडी मी." सोनाबाई हसायच्या, पण पदर तोंडाला लावून. घरात वायफायवर फोन नीट चालत होता, म्हणून फोनवर कुणाचा संशय गेला नाही. बाहेर त्या एकट्या पुन्हा गेल्याच नाहीत.

गंगाधररावांना हे ऐकताना ते खोकं, ते आकडे आठवले. पण त्यांनी मनाला समजावलं, बटणाचंच असेल.

मग एक दिवस सोनाबाईंनी फोनच त्यांच्या हातात ठेवला. "भावजी, नेमकं कुटं चुकलं माझं, तेवडं दाखवा. म्हंजे मनाला लागून ऱ्हानार न्हाई."

आता काय दाखवणार? गंगाधरराव फोन घेऊन नव्या पेठेत गेले. संगप्पा नावाच्या अक्कलकोटकडच्या माणसाचं तिथं मोबाइलचं छोटं दुकान होतं. त्यानं फोनचं मॉडेल विचारलं, आपल्या फोनवर कुठलीशी साइट उघडली, अमेरिकेतलं गाव विचारलं, तिथली कंपनी विचारली आणि पडदा त्यांच्यासमोर धरला. ओळीनं फुल्याच फुल्या.

"हा हितल्यासाठी काढलेला पीस आहे काका. तिकडच्या कंपनीचे बँड ह्याच्यात नाहीतच. वायफायवर चालंल, रस्त्यावर मेला. कुणी सांगितलं चालतोय म्हणून?"

गंगाधररावांनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, "आहे एक ओळखीतला."

संगप्पा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. गंगाधरराव दुकानाबाहेर आले आणि उन्हात तसेच उभे राहिले. ज्यानं ओके दिला तो माणूस आपणच, एवढंही त्यांना एका परक्या दुकानदाराजवळ बोलता आलं नव्हतं. स्वतःलाच ओळखीतला करून ते मोकळे झाले होते.

घरी जाईपर्यंत त्यांनी ठरवलं होतं, वहिनींना सांगायचं. समोरच्या दारात सोनाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं, आणि त्या नजरेत इतका विश्वास होता की गंगाधररावांचं ठरवलेलं वाक्य मागंच राहिलं. "काही नाही वहिनी," ते म्हणाले, "ते बटणच. होतं असं."

"बगा की!" सोनाबाईंनी कपाळावर हात मारला. "मी म्हनतच व्हते, माझंच चुकलं असनार."

न कळताच ओके दिला ती चूक एक वेळ पदरात घेता आली असती. हे मात्र शुद्ध कळून केलेलं होतं. त्या दिवसापासून गंगाधररावांनी कट्टा सोडला. समोरचं दार वाजलं की ते आत जाऊन बसत. कुणी फोन घेऊन आलं तर डोळे दुखतात म्हणून सांगत. शकुंतलाबाईंनी दोन-तीनदा विचारलं, काय बिनसलंय, आणि मग एकदा दुपारी जेवताना त्यांना खरं सांगून टाकावं लागलं.

शकुंतलाबाईंनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. "तुम्हाला ठाऊक आहे त्या बाकावर काय झालं ते?"

"काय?"

"सोनाबाईंनी मला एकटीला सांगितलंय. सामान सोडून जायची भीती, कुठं जायचं ते विचारायची भाषा नाही. किती वेळ दाबून धरणार बाई माणूस? लुगडं भिजलं त्यांचं. तसंच बसून राहिल्या, शाल पांघरून. जावयाच्या नव्या गाडीत तसंच बसावं लागलं. तो पोरगा काही बोलला नाही, नुसती काच खाली केली. ते त्यांच्या डोळ्यापुढनं जात नाही म्हणतात."

गंगाधररावांचं जेवण तिथंच संपलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. मानसिंगची बायको. खांबावर तार ओढताना ज्याच्या जिवाची काळजी आपण वाहिली, त्याची बायको परक्या मुलखात भिजल्या लुगड्यानं बसली, का, तर सयाजीसमोर आपलं नाक खाली होऊ नये म्हणून.

"सांगा त्यांना," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

सांगायला तरी आठवडा गेला. रविवारी सकाळी शकुंतलाबाईंनी त्यांना जवळजवळ ढकलतच समोरच्या घरी नेलं. सोनाबाई पलंगावर बसून अपेक्षाशी व्हिडिओवर बोलत होत्या. नातीचा पहिला वाढदिवस येत होता आणि अपेक्षा रडकुंडीला आली होती.

"आई, तिकीट मी काढते, सगळं मी करते. तू फक्त ये."

"नगं बाई. माझ्यानं न्हाई जमायचं. साधं बटन कळंना मला. परत तुमास्नी ताप. तुमीच या कवातरी." सोनाबाईंनी फोन दोघांकडं वळवला. "हे बग, भावजी आल्यात. तूच इचार, माझ्यासारक्या आडान्यानं कशाला फिरावं येवड्या लांब?"

पडद्यावर अपेक्षा डोळे पुसत म्हणाली, "काका, तुम्ही तरी सांगा ना हिला."

गंगाधरराव खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "बटणाचं काही नव्हतं, अपेक्षा."

"म्हणजे?"

"तू आकडे पाठवले होतेस ना, ते मला कळलेच नाहीत. कळत नाही म्हणून सांगायची लाज वाटली. सयाजी बसला होता. मी नुसती रिंग दिली आणि ओके म्हटलं. त्या फोनला तिकडची रेंज येणारच नव्हती, कुणाच्याही हातात दिला असता तरी. तुझ्या आईचं काही चुकलं नाही." त्यांनी पडद्याकडंच बघत पुढं सांगितलं, "आणि हे मला कळल्यावरही मी वहिनींना खोटंच सांगितलं. बटण म्हणून."

 फोनमधून बाळाचा आवाज तेवढा येत होता. सोनाबाई गंगाधररावांकडं बघत होत्या. आधी त्यांना समजलंच नसावं. मग हळूहळू चेहरा बदलत गेला. गंगाधररावांना वाटलं होतं, रडतील, किंवा असू द्या भावजी म्हणतील. मनातल्या मनात ते त्या असू द्याची वाटच बघत होते, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं आणि आणखी लाज वाटली.

"म्हंजे मी येडी न्हवते," सोनाबाई म्हणाल्या.

"नाही, वहिनी."

"चार म्हैनं लेकीच्या घरात मान खाली घालून बसले मी. जावयाच्या म्होरं ताट घ्यायला लाजत व्हते. नातीला बाहीर न्यायला भेत व्हते." आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द दाबून येत होता. "कळत न्हाई म्हनायला काय लागत व्हतं वो? दुसऱ्याला इचारलं आसतं मी."

"चुकलं माझं."

सोनाबाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला, लेकीला चेहरा दिसू नये म्हणून.  मग म्हणाल्या, "भावजी, तुमची लाज ऱ्हावी म्हनून माझी गेली की वो."

 गंगाधररावांना वाटलं, ह्यापेक्षा वहिनींनी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शकुंतलाबाई सोनाबाईंजवळ जाऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गंगाधररावांना कुणी बस म्हणालं नाही, की जा म्हणालं नाही.

मांडीवरचा फोन आई, आई करत होता. सोनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, तो उचलला आणि म्हणाल्या, "अपी, काड बाई तिकीट. आन तुज्या नवऱ्याला बोलीव आदी. त्येला सांगायचंय मला, बटन चुकलं न्हवतं माझं."