स्टॉप हलवण्याचा अर्ज

स्नेहलतागंजमधला आमच्या सिटी बसचा स्टॉप अगदी वळणावर होता. तिथे उतरताना आमच्या शाळेतल्या माझ्या एका सहकारी शिक्षिकेला ट्रकने उडवलं आणि तिचा पाय कापावा लागला. स्टॉप शाळेच्या फाटकापाशी आणावा असा अर्ज मी लिहिला आणि शाळा सुटल्यावर स्टॉपवर उभी राहून सह्या घेऊ लागले.

फाटकापाशी रिक्षा लावणाऱ्यांना ते खपलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एकजण आला. "मॅडमजी, बस वहाँ आ गई तो हम क्या खाएँगे?" असं म्हणत त्याने कागद हिसकावून टराटरा फाडले. मी त्याचा हात धरला, तर त्याने मला ढकललं. माझं कपाळ खांबावर आपटून फुटलं आणि रक्त डोळ्यात उतरलं. मी पिशवीतला स्टीलचा डबा काढून त्याच्या तोंडावर हाणला. तो खाली बसला, तरी मी मारतच राहिले.

"अरे भिया, रोको इनको, मर जाएगा!" कोणीतरी ओरडलं, तेव्हा दोन प्रवाशांनी मला मागे ओढलं. त्याचे समोरचे दोन दात पडले होते.

लोकांनी आम्हाला पोलीस चौकीत नेलं, पण आम्ही दोघांनीही तक्रार केली नाही. कपाळाला टाके असतानाच मी पुन्हा सह्या जमवल्या, आणि काही महिन्यांनी स्टॉप फाटकापाशी आला. तो रिक्षावाला आता पुढच्या चौकात उभा असतो आणि हसताना तोंडावर हात धरतो. त्याला मारताना मला बरं वाटलं होतं, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.