वाटणीचा म्हैसूरपाक

"स्वल्प थांब. आधी दाखव."

आमच्या ऑफिसात डबा उघडला की हे कानावर पडायचंच. मग चष्मा कपाळावर सरकवून अक्का डब्यात डोकावायच्या. तुमच्याही ऑफिसात असेल अशी एखादी, इतरांच्या ताटावर नजर ठेवणारी. तुम्हीही तिला हसत असाल.

पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याचं ऑफिस आमचं. अक्का अकाउंट्समध्ये होत्या. घर मल्लेश्वरमचं, घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथे कानडी मुलखातच मुरलेलं. मी नागपूरहून नवा आलेलो, बेकरीतल्या दिलपसंद नावाच्या गोड पावावर दुपार काढायचो.

"मैदा, साखर नि डालडा," अक्का म्हणाल्या. "हे जेवण काय रे? उद्यापासनं कोसंबरी आणते तुला."

आणि खरंच आणू लागल्या. भिजवलेली मूगडाळ, काकडी, वर खोबरं. माझी वाढलेली साखर आटोक्यात आली ती गोळ्यांमुळे कमी आणि अक्कांमुळे जास्त. कशात किती साखर, कुठल्या पाकिटावर काय खोटं लिहिलंय, सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

कुणाचा वाढदिवस असला की त्या प्रत्येकाच्या बशीतला अर्धा केक काढून घ्यायच्या. "तुला एवढा पुरे, सरी? बरोबर ना?" आता तो अर्धा टाकायचा तर नाही! अन्न टाकणं त्यांच्या घरी महापाप. मग आमचे सगळ्यांचे अर्धे तुकडे अक्का एकेक करून खाऊन टाकायच्या.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," आमचा डिझाइनवाला चिडवायचा.

"पाषाणाला मधुमेह होत नाही रे," अक्का बोटं चाटत म्हणायच्या, आणि आम्ही खो खो हसायचो.

पुढेपुढे त्यांची पाण्याची बाटली सारखी रिकामी होऊ लागली. पाकिटावरची अक्षरं त्या मला वाचायला सांगू लागल्या. "हल्ली बारीकच छापतात मेले." तपासून घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "माझं मला कळत नाही का?" त्यांना कळत होतं, हेच तर भयंकर होतं.

खंडेनवमीच्या आयुधपूजेला मशीनना हार घातले होते. सगळे अनवाणी उभे होतो. आरती झाली, म्हैसूरपाकाचे डबे फिरले, आणि अक्का नेहमीप्रमाणे आमचे अर्धे अर्धे तुकडे गोळा करत निघाल्या. त्यांच्या मागे फरशीवर लाल ठसे उमटत होते. आधी मला कुंकूच वाटलं.

"अक्का, पायाला लागलंय तुमच्या."

"माझ्या?"

त्यांनी पाय उचलून पाहिला. लेथवरच्या लोखंडाचा वळलेला कीस तळव्यात घुसला होता. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. पायाला लागलेलं कळेनासं झालं की काय समजायचं, हे त्यांनीच आम्हाला जेवताना कितीदा तरी सांगितलं होतं.

"अक्का, ते तुकडे ठेवा खाली. दवाखान्यात जाऊ."

त्यांनी हातातल्या म्हैसूरपाकाकडे पाहिलं. "तुझ्या वाटणीचा आहे हा. टाकू?" आणि तो तोंडात टाकून माझ्या खांद्याचा आधार घेत लंगडत निघाल्या.

जखम चिघळत गेली. आधी अंगठा काढला, मग पाऊल. मी भेटायला गेलो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंना त्या बजावत होत्या, "स्वल्प थांबा, त्या बिस्किटात काय आहे वाचलं का?" मला हसू आलं आणि रडूही आलं. उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधीच अक्का गेल्या.

परवा ऑफिसात कुणाच्या तरी बढतीचा म्हैसूरपाक आला. सगळ्यांनी सवयीने अर्धा अर्धाच खाल्ला. उरलेले तुकडे डब्यात तसेच राहिले. संध्याकाळी त्यांना मुंग्या लागू लागल्या, तेव्हा अक्कांच्या जागी आलेल्या नव्या बाई म्हणाल्या, "असं टाकायचं कशाला? अन्न आहे. मी संपवते की."

"स्वल्प थांबा," मी म्हणालो. त्यांच्या हातातून डबा घेतला, पँट्रीतल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीपाशी गेलो आणि उपडा केला.

अक्कांना हे मुळीच आवडलं नसतं.