आईची थायमस आणि उजवा कौल

आईची डावी पापणी पडायला लागली तेव्हा आमच्या भांडुपच्या चाळीत सगळ्यांनी ते वयावर ढकललं. मग तिला एकाचे दोन दिसू लागले, घास घशात अडकू लागला, आणि आम्ही मुलुंडला एका डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसलो. त्या म्हणाल्या, रोगांशी लढणारं तिचं स्वतःचंच दळ तिच्या स्नायूंवर उलटलंय. छातीतली थायमस ग्रंथी काढावी.

थायमस म्हणजे काय, असं मी विचारलं आणि फसले. तिथे म्हणे त्या दळातल्या टी-पेशी घडतात, आणि प्रत्येकीला शरीराचेच तुकडे दाखवून पारखतात. ओळखीचा इशारा अजिबात मिळाला नाही, तर पेशी मरते. फार जोरात मिळाला तरी मरते, कारण ती उद्या घरच्यांवरच धावून जाईल. हलकासा मिळाला तीच जगते. मला काही झेपेना. जिथे ही निवड होते ती जागाच काढायची? बाई न कंटाळता म्हणाल्या, निवडीचं बरंचसं काम लहानपणीच उरकतं. आता तिथूनच बिघाडाला खतपाणी मिळतंय. मी मान डोलावली. कळलं होतं असं नाही.

आईने घरी येऊन जाहीर केलं, कौल लावल्याशिवाय ऑपरेशन नाही. आमच्या गावी देवाच्या अंगावर पाकळ्या लावून प्रश्न विचारतात. देवाच्या उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मामाने देवळातून व्हिडिओ कॉल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही डोळे लावून बसलो, आणि नेमकं चित्र गोठलं. हललं तेव्हा पाकळी खाली होती. उजवा कौल, असं मामाने सांगितलं. आई म्हणे, मी पडताना पाहिली नाही, मी नाही मानत. आणि तोच प्रश्न देवाला पुन्हा विचारायचा नसतो.

मला तिचा राग आला. डॉक्टर हो म्हणतात, देव हो म्हणतो, आणि हिचं नेटवर्कवर अडलंय. खरं तर मी घाबरले होते. ऑपरेशनमध्ये काही बरंवाईट झालं, तर होकार देणारी मीच ठरणार होते.

संध्याकाळी तिला पेज भरवत होते. तिने बोटाने पापणी वर धरली आणि माझ्याकडे बघत राहिली.

“माका तू दोन दिसतंस,” ती म्हणाली. “दोघी काय म्हणतत?”

मला थायमस कळली नव्हती, कौलही कळला नव्हता.

“दोघी होय म्हणतत,” मी म्हटलं.

“मग कर फोन त्या डॉक्टरीणबाईक,” ती म्हणाली आणि तिने पापणी सोडून दिली.